हिवाळ्यातलं रान आणि थरथरता हात

मी चित्रकलेचा शिक्षक आहे आणि स्वभावाने घायकुता. ही दोन माणसं एका अंगात कशी नांदली ते मला अजून कळलेलं नाही, कारण जलरंग म्हणजे निम्मा वेळ वाट बघणं. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्यायचा आणि हातावर हात ठेवून बसायचं. तो वाळायच्या आत पुढचा रंग लावला की पाणी पसरतं आणि कागदावर फुलकोबीसारखा डाग उमटतो. मुलांना हे मी वीस वर्षं सांगत आलोय आणि स्वतः वीस वर्षं फुलकोब्या पिकवत आलोय.

परवा एका पालकाचा फोन आला. त्यांच्या भावाचा हात थरथरतो, वजन उतरलंय, घरात रोज भांडणं चाललीत, तर तुमच्या वेळी नेमकं काय झालं होतं ते सांगा म्हणाले. मला फोनवर धड काही सांगता आलं नाही, एक सोडून दुसरंच बोलत राहिलो. म्हणून बसून लिहितोय. लिहिता लिहिता तीनदा उठलो, ते सोडून द्या.

कुडपणचं चित्र

दर डिसेंबरात मी कुडपणला जातो. पोलादपूरहून मोटारसायकलने वर चढायचं, पठाराच्या कडेला एक बरासा दगड बघायचा आणि समोरच्या रानाचं एक चित्र करायचं. गवत तेव्हा पिवळं पडून तांबूस होत असतं. सावरी ओक्याबोक्या झालेल्या असतात. दरीतलं धुकं उन्हं चांगली वर येईपर्यंत हलत नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएन्ना आणि थोडा निळा, एवढ्या तीन रंगांत ते रान बसतं. वर्षातलं हे एक चित्र मी कुणासाठी करत नाही. शाळेसाठी नाही, स्पर्धेसाठी तर नाहीच.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात पहिला वॉश बरा पडला. मग फांद्यांसाठी बारीक ब्रश घेतला आणि रेघ भलतीकडेच गेली. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. थंडीने हात कापतोय म्हणावं तर मला घाम फुटला होता आणि स्वेटर काढून मी बाजूला फेकला होता. छाती अशी उडत होती की घाट पळत चढून आलोय असं वाटावं. वॉश ओला होता हे दिसत असूनही मी रंग घातला. डाग फुटला. दुसरा कागद काढला, तिसरा काढला. चौथा फाडला आणि पाण्याचा डबा दरीत भिरकावला. माझा स्वभाव तापट आहे हे घरी सगळ्यांना माहीत आहे, पण डबा फेकून झाल्यावर मी स्वतःच घाबरलो.

लोकांनी केलेलं निदान

डॉक्टरच्या आधी लोक निदान करतात. माझं तर फार लवकर झालं.

फळ्यावर सरळ रेघ येईना. मुलं आधी हसली, मग हसायची थांबली, ते जास्त वाईट होतं. दोन महिन्यांत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. आणि भूक तर अशी की मधल्या सुट्टीत तीन वडापाव खाऊन तासाभराने पुन्हा पोटात कावळे. डोळे लाल आणि मोठे दिसायला लागले. संध्याकाळी घरात बसवत नसे, म्हणून मी चालायला निघायचो ते थेट हायवेपर्यंत. हायवेवर जे काही आहे ते सगळ्यांना माहीत आहे. दोन धाबे, एक पंक्चरवाला आणि एक परमिट रूम. परमिट रूमच्या समोरच्या कठड्यावर मी दम खायला बसायचो, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. आता सांगा, चित्रकलेचा मास्तर, हात थरथरतोय, डोळे लाल, घाम, चिडचिड, आणि रोज संध्याकाळी त्या कठड्यावर. मीच दुसऱ्या कुणाला असं बघितलं असतं तरी तेच म्हटलं असतं.

माझे वडील, अण्णा, निवृत्त प्राथमिक शिक्षक. वय तेव्हा शहात्तर. आमच्या बौद्धवाडीत दारूच्या विरोधात सर्वांत मोठा आवाज त्यांचा. तरुणपणी वाडीतल्या भट्ट्या त्यांनी घरोघर फिरून बंद करायला लावल्या. रविवारी विहारात वंदनेच्या वेळी पंचशील तेच म्हणवून घेतात, एकेक शील त्यांनी म्हणायचं आणि मागून सगळ्यांनी. जानेवारीतल्या एका रविवारी पाचव्या शीलाशी, म्हणजे नशा न करण्याच्या शीलाशी, ते थांबले. थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मागच्या बाया, पोरंटोरं, सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी ते शील सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. त्याचाही उलटाच अर्थ निघाला.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. माणूस भला. बराच वेळ चहाच्या कपाशी खेळत राहिले आणि मग म्हणाले, "सर, बाहेरून काही ऐकलं असतं तर मी कानाआड केलं असतं. पण तुमचे वडीलच येऊन गेले. मुलगा प्यायला लागलाय, समज द्या म्हणाले."

मला काय वाटलं ते लिहायचा प्रयत्न मी बऱ्याच वेळा केला आहे. राग तर होताच. पण रागाच्या खाली लाज होती, न केलेल्या गोष्टीची लाज, आणि ती रागापेक्षा वाईट. घरी जाऊन अण्णांशी भांडलो. भांडताना हात आणखी थरथरला आणि त्यांना तेवढंच दिसलं.

कागद

डॉक्टरकडे मला नेलं ते सुजाताने, माझ्या बायकोने. ती तहसील कार्यालयात कारकून आहे, कागदाशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हा तिचा धंदाच. महाडला एक डॉक्टरबाई आहेत असं तिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. रजा टाकून ती मला घेऊन गेली. मी वाटेत दोनदा परत फिरू म्हणालो.

डॉक्टरबाईंनी दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, बोटं फाकवायला लावली आणि त्यावर एक साधा कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. खोलीत पंखा बंद होता. मग पाण्याचा घोट प्यायला लावून त्यांनी माझा गळा बघितला, नाडी बघितली, डोळे बघितले. मग विचारलं, गरम किती होतं, झोप लागते का, बसवतं का एका जागी. शेवटच्या प्रश्नाला सुजाता हसली आणि म्हणाली, "हे तर लग्नापासूनच बसलेले नाहीत." रक्त दिलं, हृदयाचा आलेख काढला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला की थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करते आहे.

मी म्हटलं, थायरॉईड तर बायकांना होतो आणि त्यात वजन वाढतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तो उलटा प्रकार. तुमचं इंजिन बंद पडायला आलेलं नाही, ते सुसाट सुटलंय. गोळ्या दीड वर्ष तरी घ्याव्या लागतील, आणि नाडी फार वेगात आहे म्हणून चार दिवस ॲडमिट व्हा.

मला आनंद झाला. खरंच सांगतो. माणसाला आजार झाल्याचा आनंद होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे आता एक नाव होतं, शिक्क्याचा कागद होता. खाली रिक्षात बसल्यावर सुजाता मात्र रडायला लागली. म्हणाली, "मी रोज तुमच्या शर्टाचा वास घेत होते." मला ते माहीत होतं. मी तिला तसं सांगितलं.

तो रिपोर्ट मी खिशात घेऊन फिरायचो. मुख्याध्यापकांना दाखवला, शिपायाला दाखवला, किराणावाल्यालासुद्धा. अण्णांना दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले की हल्ली रिपोर्ट काय, कसलाही मिळतो. आजाराचं नाव पुढे करू नकोस.

चार दिवस

दवाखान्यात माझ्यासोबत अण्णा राहिले. सुजाताला रजा शिल्लक नव्हती. ते स्वतःहून तयार झाले याचं मला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

दवाखान्यातला दिवस सगळीकडे सारखाच असावा. पहाटे थर्मामीटर, मग फरशी पुसायच्या फिनेलचा वास, मग चहा, मग डॉक्टर येणार येणार म्हणून सगळा वॉर्ड ताटकळतो आणि ते आले की दोन मिनिटांत संपतं. फेब्रुवारीची थंडी होती, लोक चादरी गळ्यापर्यंत ओढून पडलेले आणि मी एकटा पंखा लावा म्हणून ओरडणारा. एका सिस्टरने माझी खाट खिडकीशी नेऊन दिली. ही एवढी गोष्ट, पण आजही ती मला भेटली तर मी उठून उभा राहीन.

भीती होती, ती दुपारची यायची, जेवणं झाल्यावर, वॉर्ड शांत झाला की. हृदयाची नव्हती. हात असाच राहिला तर मी कोण, ही होती. मला दुसरं काही येत नाही. गणित येत नाही, शेती येत नाही. नावही कुणी विचारलं तर आधी चित्रकला शिक्षक म्हणतो आणि मग मिलिंद.

शेजारच्या खाटेवर कुडपणचे धोंडूदादा होते, गुडघ्याला जखम होऊन पू झालेला. सत्तरीचा माणूस, पठारावर नाचणी-वरी करणारा. मी वेळ जावा म्हणून वहीत पेन्सिलीने कुडपणचं रान आठवून काढत होतो. ऐनाची झाडं वाकडीतिकडी होत होती तरी काढत होतो. त्यांनी वही मागितली, लांब धरून बघितली.

"मास्तर, रागावू नका. ह्यो ऐन कुठला?"

तुमच्याच गावचा, मी म्हटलं.

"आमच्याकडं असा ऐन नाय. राबाला कवळ तोडल्यावर ऐनाला फांदी राहतेय काय? नुसती डोकी राहतात गाठींची. हा तर कॅलेंडरातला हाय."

आमच्या भागात भाताचं, नाचणीचं रोप टाकायच्या जागेवर पाला, फाटे पसरून जाळतात, तो राब. त्यासाठी हिवाळ्यात ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या तोडून वाळत ठेवतात, त्यांना कवळ म्हणतात. लहानपणी मी स्वतः कवळाचे भारे डोक्यावरून आणलेत. गावाजवळच्या रानातलं एकही ऐन हिवाळ्यात पूर्ण नसतो, उभ्या खांबाला मुठी फुटाव्यात तसा दिसतो. आणि वीस वर्षं मी त्याला सुंदर फांद्या काढत आलो, कारण कला महाविद्यालयात झाड कसं काढायचं ते पुस्तकातल्या झाडावरून शिकलो होतो. समोर दिसणारं तुटकं झाड मी दरवर्षी कागदावर दुरुस्त करत होतो. डोळ्यांदेखत असलेलं न बघणं फक्त अण्णांनाच जमतं असं नाही, हे तेव्हा माझ्या मनात आलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी हात शांत झाला. नाडीसाठीच्या गोळ्यांनी थरथरही कमी होते, डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. मी खुशीत सिस्टरना हात दाखवला. त्या म्हणाल्या, बरं झालं, तुमच्या वडिलांना फार काळजी होती. रोज विचारायचे, दारू तुटल्यावर हात किती दिवसांत थांबतो.

म्हणजे अण्णा सोबतीला नव्हतेच आले, पहाऱ्याला आले होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती. चार दिवस माझ्या पोटात दारू गेली नाही आणि हात थांबला. त्यांच्या लेखी सगळं सिद्ध झालं होतं. घरी जाताना एसटीत ते इतक्या मायेने बोलत होते की मला खिडकीतून उडी मारावीशी वाटत होती. झालं गेलं विसर म्हणाले. आता नाद सुटलाच आहे तर सांभाळ.

हात दाखवून अवलक्षण

आता जे लिहितो ते वाचून कुणी करू नका. मुद्दाम सांगतो.

मी गोळ्या बंद केल्या. सगळ्या. मनात हिशेब साधा होता, दारूचा थेंब नसताना हात थरथरला की अण्णांना पटेल. शाळेतून मला आजारपणाची रजा मिळालेली होती. अण्णांना म्हटलं, आठ दिवस मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही, तुमच्या नजरेसमोरून हलणार नाही, न्हाणीतसुद्धा दार उघडं ठेवून जाईन. बघू हात थांबलेला राहतो का. गोळ्यांचं मात्र त्यांना सांगितलं नाही, सुजातालाही नाही. ती सकाळी हातावर गोळी ठेवून ऑफिसला जायची आणि मी ती मोगऱ्याच्या कुंडीत पुरायचो.

तिसऱ्या दिवशी थरथर परत आली. मी अण्णांसमोर बसून हात पुढे केला. त्यांनी बघितलं. पाचव्या दिवशी माझ्या हातातून कप निसटला. त्या दिवशी त्यांनी माझं कपाट उघडलं, गादीखाली बघितलं, माळ्यावर चढून बघितलं. काही सापडलं नाही. मला आसुरी आनंद होत होता, आणि घाम, आणि रडू, सगळं एकदमच. उठून फेऱ्या मारायचो, बसायचो, पुन्हा उठायचो. सातव्या दिवशी दुपारी जेवताना छातीत घोडे उधळल्यासारखं झालं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ताटावरच कलंडलो.

शेजाऱ्याच्या गाडीतून महाडला नेलं. अण्णांनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं एवढं आठवतं. ते सारखं म्हणत होते, "तोंड उघड. श्वास घे. मिलिंद, तोंड उघड." नंतर गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याने सांगितलं की त्यांनी गाडीत माझ्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला होता. आणि मग रडायला लागले होते.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरबाईंनी माझी अशी खरडपट्टी काढली की सगळ्या वॉर्डाने ऐकली. मेला असता, म्हणाल्या. काय सिद्ध करायचं होतं? सुजाता दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की तुम्ही आणि तुमचे वडील, दोघांनी मिळून मला विधवा करायचं ठरवलं होतं. तिचं बरोबर होतं. आम्हा बापलेकांना एकमेकांशी बोलता येत नाही, त्याची किंमत तिने का द्यायची?

अण्णांना गोळ्यांचं कळलं. ते दाराशी उभे राहून ऐकत होते. आत आले नाहीत.

पुन्हा डिसेंबर

मग महिने गेले. गोळ्या वेळेवर, रक्त दर सहा आठवड्यांनी. वजन आलं, पट्ट्याची जुनी भोकं पुन्हा कामाला आली. डोळे थोडे मोठेच राहिलेत, मुलं त्यावरून नावं ठेवतात ते मला माहीत आहे. फळ्यावर रेघ सरळ येते. चिडचिड औषधाने जेवढी जायची तेवढी गेली, उरली ती माझी स्वतःची.

अण्णा माझ्या औषधांच्या वेळा पाळायचे. घड्याळ बघून पाणी आणून द्यायचे. पण त्या विषयावर अवाक्षर नाही. रविवारी विहारात पंचशील म्हणवताना आता कुठे थांबत नसत. वाडीत अजूनही काही लोक मला बघून बाजूला व्हायचे, शाळेतला एक जण अजून तोंडाजवळ येऊन बोलायचा, वास येतो का बघायला. जे अण्णांनी पसरवलं होतं ते पसरलेलंच होतं.

डिसेंबरात कुडपणला निघालो तेव्हा ते म्हणाले, मी येतो. त्यांना मागे बसवून घाट चढलो. पठारावर त्यांना उन्हात दगडावर बसवलं, शाल दिली आणि कागद ताणून लावला. या वेळी ऐन होते तसेच काढायचे ठरवले होते. बुंधे सरळ, वर गाठी, त्यातून दोन-चार कोंब. पहिला वॉश दिला. धुक्याचा, फिका. आणि थांबलो.

आम्ही दोघं तो कागद वाळायची वाट बघत होतो. मला उठावंसं वाटत होतं, उठलो नाही. अण्णा म्हणाले, "रविवारी विहारात सांगावं म्हणतो. चौथं शील मोडलंय मी. तुझ्याबद्दल खोटं बोललो, तेही तुझ्या शाळेत जाऊन."

चांगल्या मुलाने म्हणायला हवं होतं, जाऊ द्या अण्णा. माझ्या ओठांवर ते आलंही होतं. शहात्तर संपून सत्त्याहत्तरावं लागलेलं, सगळी वाडी ज्यांना गुरुजी म्हणते, त्यांना भर विहारात मान खाली घालायला लावायची? पण मला तो पाचव्या शीलाचा रविवार आठवला.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मी चित्र पूर्ण केलं. बरं झालं, फार चांगलं नाही झालं.

रविवारी वंदना सुरू व्हायच्या आधी ते उठले. भिंतीला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, "माझा मुलगा पीत नव्हता. आजारी होता. मी विचारलं नाही, डॉक्टरचं मानलं नाही, आणि शाळेत जाऊन त्याला दारुडा ठरवलं." कुणीतरी म्हणालं, बसा गुरुजी. मी उठून त्यांना बसवू शकलो असतो. नाही उठलो. त्यांना पुरतं बोलू दिलं.

बोलून झाल्यावर ते नेहमीच्या जागी, पुढे, गेले नाहीत. माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसले आणि समोर बघतच म्हणाले, "आज शील तू म्हणव."

मी पुढे गेलो. पाची शीलं म्हणवली. एकेका शीलानंतर सगळ्यांचं म्हणून होईपर्यंत थांबलो.